कागदी डॉलरची कूळकथा
भाग ५ : नोटेवरचं गाव

गेल्या आठवड्यात आपण ‘ग्रीनबॅक’ची, म्हणजे यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ साली निघालेल्या हिरव्या पाठीच्या नोटेची गोष्ट पाहिली. ती नोट थेट सरकारची होती. आजची नोटही सरकारनेच छापून घेतलेली, पण तिच्यावर नाव मात्र एखाद्या गावच्या बँकेचं. संग्राहक तिला ‘नॅशनल’ म्हणतात.

युद्धापूर्वी अमेरिकेत नोटा काढत त्या राज्यांच्या परवान्यावर चालणाऱ्या बँका. नोटांचे हजारो प्रकार चलनात होते. गावची नोट परगावी नेली की तिला बट्टा लागे आणि बँक बुडाली की नोटेची रद्दी होई. खरी कोणती, खोटी कोणती हे ताडून पाहण्यासाठी दुकानदार खास छापलेल्या पुस्तिका गल्ल्यापाशी ठेवत.

१८६३च्या कायद्याने यावर तोड काढली. वॉशिंग्टनहून सनद मिळवलेल्या बँकेने सरकारी रोखे विकत घ्यायचे आणि ते सरकारी खजिन्यात तारण ठेवायचे. त्या बदल्यात १०० डॉलरच्या रोख्यांवर जास्तीत जास्त ९० डॉलरच्या नोटा तिला मिळत. १९०० पासून ही मर्यादा पूर्ण १०० डॉलरची झाली. सरकारच्या युद्धरोख्यांना गिऱ्हाईक मिळालं आणि लोकांना भरवशाची नोट. बँक बुडाली तरी नोटेचे पैसे खजिना देणार होता. राज्यांच्या बँकांच्या नोटांवर मग १८६६ पासून १० टक्के कर बसला आणि त्या बाजारातून उठल्या. आपल्याकडे याच सुमारास उलटी गंगा वाहत होती. १८४० साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेचा नोटा काढण्याचा हक्क सरकारने १८६१ सालीच स्वतःकडे घेतला होता.

पहिल्या क्रमांकाची सनद फिलाडेल्फियाच्या फर्स्ट नॅशनल बँकेला मिळाली. पुढे हे क्रमांक १४ हजारांच्या पलीकडे गेले आणि १२ हजारांहून अधिक बँकांनी नोटा काढल्या. बँकेकडे नोटा येत त्या न कापलेल्या तावांवर. अध्यक्ष आणि कॅशियर त्यांवर सह्या करत, मग कात्री चाले. त्यामुळे जुन्या नॅशनल नोटेची कड अनेकदा किंचित तिरकी असते. क्वचित सही एखाद्या बाईची असते. त्या काळी बँकेच्या या खुर्च्यांवर बायका फारच थोड्या, म्हणून अशा सह्यांचे वेगळे शौकीन आहेत.

चित्रांचीही चैन होती. सुरुवातीच्या पाच डॉलरच्या पाठीवर कोलंबस किनाऱ्याला उतरतो आहे आणि कडेला बँकेच्या राज्याचं बोधचिन्ह आहे. दोन डॉलरच्या नोटेवर भला मोठा २ चक्क आडवा पसरलेला आहे. संग्राहकांनी पत्त्यांच्या भाषेत तिचं नाव ठेवलं ‘लेझी ड्यूस’, म्हणजे आळशी दुर्री. १८७९ नंतर नॅशनल बँकांच्या एक आणि दोन डॉलरच्या नोटा बंद झाल्या, त्यामुळे ही दुर्री आता चांगलाच भाव खाते.

पण नॅशनलची खरी किंमत ना चित्रात, ना आकड्यात. ती गावाच्या नावात आहे. दोन नोटा शेजारी ठेवा : दोन्ही पाच डॉलरच्या, १९२९च्या मालिकेच्या, तपकिरी शिक्क्याच्या, सारख्याच मळलेल्या. एकीवर न्यूयॉर्कच्या बड्या बँकेचं नाव, दुसरीवर प्रेअरीतल्या एखाद्या खेड्याचं. पहिली कोणत्याही नाणी-नोटांच्या प्रदर्शनात सहज मिळेल. दुसरीसाठी लिलावात चढाओढ लागेल. अलास्कातलं फेअरबँक्स, हवाईतलं होनोलुलू, पोर्तो रिकोतलं सॅन वान ही नावं दिसली की जाणकार थबकतात.

खेड्याची नोट इतकी दुर्मिळ का? मुळात तिथल्या बँकेचं भांडवल छोटं, म्हणून नोटा थोड्या. शिवाय सगळी व्यवस्थाच नोट परत आणण्यासाठी बांधलेली. १८७४च्या कायद्याने प्रत्येक नोटेवर बँकेचा सनद क्रमांक छापणं सक्तीचं झालं. फाटक्या-मळक्या नोटा वॉशिंग्टनला जात, तिथे बँकवार वेगळ्या होत आणि नष्ट केल्या जात. वर्गवारी सोपी व्हावी म्हणून पुढे काही वर्षं नोटांवर प्रदेशाची अक्षरंही आली : दक्षिणेसाठी ‘एस’, पॅसिफिककाठासाठी ‘पी’. १९३५ साली तारणाचे रोखेच सरकारने परत घेतले आणि नॅशनल नोटांचा छापा थांबला.

ज्या खुणांनी या नोटा शोधून नष्ट केल्या, त्याच खुणांनी आज त्या शोधल्या जातात. कोणत्या बँकेला किती नोटा दिल्या, किती परत आल्या, याच्या सरकारी नोंदी शाबूत आहेत. त्याच्या जोडीला संग्राहकांनी अनेक वर्षं खपून उरलेल्या नोटांची शिरगणती केली आहे. एखाद्या गावापुढे दोन किंवा तीनच नोटांची नोंद असते. काही गावांपुढे एकही नाही. कुणा आजोबांच्या बायबलमधून एखादी निघाली, तर ती त्या गावची पहिली ठरते.

नॅशनल नोट आजही कायद्याने दर्शनी किमतीला चालते. पाचाची नोट कुणी दुकानात दिली, तर पाचाचाच माल मिळेल. एकेकाळी लोकांनी तेच केलं, म्हणून गावंच्या गावं या यादीतून पुसली गेली. उरली ती कुणीतरी खर्चायची राहून गेलेली.

तेव्हा अमेरिकेतल्या एखाद्या प्रदर्शनात जाण्याचा योग आला, तर आधी गाव वाचा, मग आकडा. आणि सही फार ठसठशीत दिसली तर हुरळू नका. जुनी शाई फिकी पडते, आणि फिकी सही नव्याने गिरवणारे हातही या बाजारात आहेत.

पुढच्या आठवड्यात : धुतलेली, दाबलेली, डागडुजी केलेली नोट कशी ओळखायची?