कॉलेज बदलण्याआधी उलटा हिशेब करा

मागच्या रमजानमध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी अब्बांना घेऊन घरी आली. हातात बारावीची आणि बीएच्या दोन वर्षांची गुणपत्रके होती. "टीचर, मला कॉलेज बदलायचंय. लहान मुलांना शिकवायचंय, आणि भाऊजानसारखी मुलं ज्या वर्गात बसतात तिथे शिकवायचंय."

तिच्या या भावाला मी सहावीत शिकवले आहे. शेवटच्या बाकावर बसायचा, हाक मारली तरी वर बघायचा नाही. मी त्याच्या वहीत दोनदा लिहिले होते, 'लक्ष नसते, पालकांनी भेटावे.' पालक भेटले, मुलाला घरीही बोलणी बसली. पुढे सरकारी दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा कळले, त्याला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येते. रोज संध्याकाळी त्याला समोर बसवून, ओठ हळू हलवत, माझे धडे पुन्हा शिकवणारी हीच बहीण होती. मी बी.एड. झालेली, वीस वर्षांचा अनुभव असलेली शिक्षिका. जे मला दिसले नाही ते या मुलीला दिसले. म्हणून त्या दिवशी तिला नुसते 'शाबास बेटी' म्हणून परत पाठवणे मला जमले नाही.

अब्बांचे म्हणणे वेगळे होते. "दोन वर्षं फी भरली. आता मधेच सोडायचं म्हणजे सगळं पाण्यात. आणि पुन्हा किती वर्षं?" हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो आणि तो रास्त आहे. मी त्यांना म्हटले, "भाई, कॉलेजपासून सुरुवात नको. हिला कोणत्या वर्गासमोर उभं राहायचंय तिथून उलटं मोजत येऊ."

पहिला मुद्दा. पहिली ते पाचवीला शिकवायचे असेल तर बीए नंतर बी.एड. हा रस्ता आता बंद आहे. 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बी.एड. ही प्राथमिक वर्गांसाठीची पात्रता नाही. आमच्याकडे अजूनही पुष्कळ पालक मुलीला 'बी.एड. केलं की कुठेही नोकरी' असे सांगतात. लहान वर्गांसाठी बारावीनंतरचा दोन वर्षांचा डी.एल.एड. म्हणजे जुने डी.एड. लागते.

दुसरा मुद्दा फार कमी लोकांना माहीत असतो. बारावीनंतर दोन वर्षांचे विशेष शिक्षणाचे डी.एड.ही असते. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते. ही परिषद 1992 च्या कायद्याने चालते आणि विशेष शिक्षकाला तिच्याकडे नोंदणी करावी लागते. बारावीला 50 टक्के गुण असलेल्या मुलीने हा अभ्यासक्रम पूर्ण केला तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या 2010 च्या अधिसूचनेप्रमाणे तो पहिली ते पाचवीसाठीही पात्रता म्हणून धरला जातो. नेमणुकीनंतर प्राथमिक शिक्षणाचा सहा महिन्यांचा विशेष अभ्यासक्रम तेवढा करावा लागतो. म्हणजे विशेष शाळा आणि साधी शाळा अशी दोन्ही दारे उघडी राहतात. या मुलीला हेच हवे होते.

गरज नाही असे कोणी म्हणू नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगता धरली आहे, आणि ही मुले इतर मुलांसोबत शिकावीत, त्यासाठी शिक्षक तयार व्हावेत, असे तो कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवून दिले. मात्र एक गोष्ट मी अब्बांना लपवली नाही. आपल्याकडे अनेक विशेष शिक्षकांनी वर्षानुवर्षे करारावर काम केले आहे. पदविका हातात आली की दुसऱ्या दिवशी पक्की नोकरी, असे होत नाही.

मग 'बदली'चे काय? बीएचे गुण नेऊन पदविकेच्या दुसऱ्या वर्षात बसता येत नाही. हा नवा प्रवेशच असतो. पण केलेला अभ्यास वायाही जात नाही. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा झालेली क्रेडिट्स जास्तीत जास्त सात वर्षे राहतात, त्यामुळे पदवी नंतर पूर्ण करायचा मार्ग उरतो. माझा सल्ला असा: पहिल्याच वर्षात मन ठरले असेल तर बदल लवकर करा. एकच वर्ष उरले असेल तर पदवी हातात घ्या आणि मग पदविकेला जा. अर्धवट पदवी लग्नानंतर, मुलेबाळे झाल्यावर पूर्ण करणे किती अवघड जाते, ते आपल्या घरांतल्या बायकांना विचारा.

अर्ज भरण्यापूर्वी एवढे जरूर करा. संस्थेची मान्यता परिषदेच्या यादीत स्वतः पाहा. मान्यता श्रवणदोष, दृष्टिदोष की बौद्धिक अक्षमता, यांपैकी कशासाठी आहे तेही पाहा. शिकवण्याचे आणि परीक्षेचे माध्यम विचारा. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीला नंतर कळले तर जड जाते. शिष्यवृत्ती चालू असेल तर अभ्यासक्रम बदलल्यावर तिचे काय होईल ते कॉलेजच्या कार्यालयात लेखी विचारा. 'हजेरीची गरज नाही, पैसे भरा, प्रमाणपत्र घरी येईल' असे सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि पदविकेनंतर शिक्षक पात्रता परीक्षा असते हे आधीच लक्षात ठेवा. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, 150 गुणांचा; खुल्या वर्गाला 90 लागतात. पहिली भाषा म्हणून उर्दू घेता येते.

पुढे पदवीनंतर विशेष बी.एड. करायचे ठरले तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, श्रवणदोषाच्या क्षेत्रात काम करणारी. जुहूला एसएनडीटी महिला विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग आहे.

अब्बांनी कागदावर दोन्ही हिशेब मांडले. आता सोडले तर दोन वर्षे आणि पदवी टांगलेली. थांबले तर एक अधिक दोन, तीन वर्षे, पण हातात पदवीही आणि पदविकाही. मुलगी थोडी नाराज झाली, मग म्हणाली, "ठीक आहे. पण हे एक वर्ष मी नुसती बसणार नाही." आता ती दर शनिवारी एका विशेष शाळेत जाऊन बसते, खाणाखुणांची भाषा शिकते. अब्बाच तिला सोडायला जातात. या वर्षी तिची बीएची शेवटची परीक्षा आहे. त्यानंतर इन्शाअल्लाह विशेष डी.एड.चा अर्ज.

मीही एक सवय बदलली आहे. फळ्याकडे तोंड करून मी आता बोलत नाही. आधी लिहिते, मग वर्गाकडे वळते आणि मग बोलते. आणि कोणाच्याही वहीत 'लक्ष नसते' लिहिण्यापूर्वी त्या मुलाला पहिल्या बाकावर बसवून बघते.