मधुमेही माणसाची न्याहारी

मधुमेह जडला कीं साखर सोडली म्हणजे झालें, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षित घरांतूनहि आढळते. चहा बिनसाखरेचा होतो. पण त्याच्याबरोबर चार बिस्किटें येतात, शिरा गुळाचा म्हणून निर्धास्तपणें खाल्ला जातो, आणि एकादशीची साबुदाण्याची खिचडी तर पथ्यांतच जमा होते. या समजुतींत तथ्य किती, हें पाहणें अगत्याचें आहे. कारण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीच्या अंदाजाप्रमाणें या देशांतील मधुमेही माणसांची संख्या १० कोटींहून अधिक आहे.

पोळी, भात, पोहे, बटाटा यांतील पिष्ट पचनानंतर अखेर शर्करेच्याच रूपानें रक्तांत उतरतें. ही शर्करा पेशींच्या कामीं लावण्याकरितां स्वादुपिंडांतून इन्सुलिन स्रवतें. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहांत पेशी त्यास पुरेशी दाद देत नाहींत, आणि कालांतरानें स्वादुपिंडाचें बळहि कमी पडतें. त्यांतच पहाटेच्या सुमारास यकृत आपल्याकडील शर्करा रक्तांत सोडीत असतें; म्हणून रात्रभर उपाशी राहिलेल्या माणसाचीहि सकाळची साखर चढलेली आढळते. त्या चढावर आणखी भर घालावयाची कीं नाहीं, हें न्याहारीवर अवलंबून असतें.

हा रोग लठ्ठांचाच, ही दुसरी भ्रांति. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचें एकत्र छायाचित्र २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत छापलें गेलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच. परंतु शरीरांतील चरबीचें प्रमाण युडकिन यांचें शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांचें शेंकडा २१.२ भरलें. सडपातळ भारतीयानेंहि गाफील राहूं नये, हा त्यांतील बोध.

आतां प्रत्यक्ष बशीकडे वळावें. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यांत प्रथिनें नांवालाच असतात. उलट १०० ग्रॅम कोरड्या मुगांत सुमारें २४ ग्रॅम प्रथिनें असून तंतूहि भरपूर असतात, त्यामुळें साखर सावकाश चढते. म्हणून मुगाचें धिरडें, मोडाची उसळ, किंवा डाळींच्या पिठाचें व मेथी घातलेलें थालीपीठ हीं मधुमेह्यास चांगलीं. पोहे अजीबात वर्ज्य करण्याचें कारण नाहीं. मात्र पोहे निम्मे घ्यावे, बटाटा वगळावा, आणि वाटाणे, मोडाची मटकी व थोडे शेंगदाणे घालावे. खाणाऱ्यांस अंडें आहेच. गूळ व मध यांना साखरेहून निराळें समजूं नये. रसाऐवजीं अख्खें फळ खावें. भाकरी ज्वारीची झाली तरी मोजूनच घ्यावी. आधीं उसळ व कोशिंबीर, मागाहून पोळी-भात, या क्रमानेंहि साखरेचा चढ मंदावतो. आणि खाल्ल्यानंतर दहापंधरा मिनिटें चाललें तर अधिकच लाभ होतो.

एक धोका मात्र घरांतील प्रत्येकानें ध्यानांत ठेवावा. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेऊन न्याहारी टाळली, तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खालीं जाऊं शकते. घाम सुटणें, हात कांपणें, बोलण्यांत असंबद्धता येणें हीं तिचीं लक्षणें. अशा वेळीं माणूस शुद्धीवर असल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यांतून तात्काळ द्यावी व पंधरा मिनिटांनीं पुन्हा तपासावें. शुद्ध हरपली असल्यास तोंडांत कांहीं न घालतां रुग्णालय गांठावें. उपवास करणाऱ्यानें औषधाची मात्रा आधीं डॉक्टरांस विचारून ठरवावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचेंहि प्रमाण त्यांनाच विचारावें.

एकच पदार्थ सर्वांस सारखा सोसत नाहीं. घरच्या मापकयंत्रावर न्याहारीपूर्वीं व नंतर दोन तासांनीं साखर पाहून वहींत टिपली, म्हणजे पंधरवड्यांत स्वतःचें पथ्य स्वतःसच उमगतें. दोन तासांनंतरचा आंकडा बहुतेक प्रौढांत १८० च्या आंत असावा. आणि तेंच धिरडें, तीच उसळ घरांतल्या सर्वांच्या बशींत पडली, तर पथ्य करणाऱ्यास तें शिक्षेसारखें वाटत नाहीं, आणि मुलांच्या अंगींहि चांगली संवय लागते.