शरदातल्या टोपीला वेणी आणि जाळी

लोकरीच्या टोपीत जाळीची वीण घातली की भोकांतून वारा शिरणार, हा आक्षेप ठरलेलाच. स्कॉटलंडच्या कडक हिवाळ्यात तो खरा. पण तिथल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात डोक्याला ऊब हवी, घाम नको; म्हणून जाळीला वेणीच्या विणीची जोड द्यायची. वेणी घालताना काही टाके जादा सुईवर घेऊन शेजारच्यांवरून ओलांडतात. तिथे वीण दुहेरी, उबदार होते, पण आडवी आक्रसतेही. जाळीत सुईवर धाग्याचा वेढा घेऊन भोक पाडतात आणि लगतचे दोन टाके एकत्र विणून संख्या कायम राखतात. ही वीण सैल पसरते. एकीचं आवळणं दुसरी सावरते, म्हणून ही जोडी नुसत्या शोभेची नाही. वाऱ्याची धास्ती असेल तर कानांवरची पट्टी उलट-सुलट टाक्यांची, बिनभोकांची ठेवा. मात्र आधी छोटा नमुना विणून, धुऊन, वाळवून मगच माप घ्या.