लांब पल्ल्याआधी गाडीपाशी बसा

वांगणी स्टेशनचे नाव देशभर झाले ते १७ एप्रिल २०२१ रोजी. दृष्टिहीन आईबरोबर चाललेले लेकरू फलाटावरून रुळांवर पडले आणि समोरून एक्स्प्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून धावत गेले, मुलाला वर ढकलले आणि गाडी पोचायला क्षण उरले असताना स्वतः फलाटावर चढले. रेल्वेने त्यांना बक्षीस दिले, तेव्हा त्यातला निम्मा वाटा त्यांनी त्या मायलेकरांसाठी देऊ केला. पुढे जावा मोटरसायकल बनवणाऱ्या कंपनीने त्यांना नवी कोरी जावा फॉर्टी टू भेट दिली.

या प्रसंगाची आठवण करून देण्याचे कारण असे की, साहस या शब्दाचा अर्थ आपल्या तरुण मुलांनी नीट समजून घ्यावा. शेळक्यांना विचार करायला वेळ नव्हता. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याला मात्र महिना-दोन महिने हाताशी असतात. ज्याला वेळ मिळतो आणि तरीही जो तयारी करीत नाही, त्याचे ते साहस नव्हे, बेफिकिरी होय.

वांगणी, बदलापूर, अंबरनाथच्या आपल्या वस्त्यांत मोटरसायकल ही काही चैनीची वस्तू नाही. रात्रपाळीला कारखान्यावर नेणारी, लोकल चुकली तर घरी पोचवणारी, आजाऱ्याला दवाखान्यात नेणारी तीच. बहुतेक घरांत ती हप्त्यावर घेतलेली असते. म्हणून घरातला मुलगा जेव्हा म्हणतो, "आई, यंदा आम्ही चौघे मित्र गाडीवर लडाखला जाणार," तेव्हा आईचा चेहरा उतरतो. तिला मुलाची काळजी असतेच, पण हप्ते अजून फिटायचे आहेत हेही तिला ठाऊक असते. मुलाचे म्हणणेही चुकीचे नसते. जन्मभर वांगणी ते ठाणे एवढाच प्रवास का करायचा? आपला देश आपण पाहायचा नाही तर कुणी? मूळच्या गुजरातच्या आणि महाडच्या सूनबाई भारुलता कांबळे यांनी २०१६ साली ब्रिटनमधून एकटीने मोटार चालवत ३२ देश ओलांडले आणि महाड गाठले. तेव्हा दूर जाण्याचे स्वप्न पाहायला आपल्या मुलांनी, आणि मुलींनीही, संकोच करू नये. मात्र आईचा चेहरा उतरणार नाही अशी तयारी करून निघावे.

आधी घर, मग गाडी

प्रवासाचा हिशेब मांडताना पेट्रोल, जेवण आणि मुक्काम एवढेच धरतात. त्यात आणखी दोन रकमा धराव्यात. एक, गाडीचा पुढच्या महिन्याचा हप्ता, जो निघण्यापूर्वीच घरी ठेवावा. दुसरी, गाडी वाटेत कायमची बंद पडली तर रेल्वेने परत येण्याचे भाडे. या दोन रकमा बाजूला पडत नसतील तर प्रवास पुढच्या वर्षी करावा. डोंगर कुठे पळून जात नाहीत.

त्यानंतर विम्याचा कागद बाहेर काढावा. नव्या दुचाकीबरोबर १ सप्टेंबर २०१८ पासून पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर उपयोगी पडतो. आपली गाडी मोडली किंवा चोरीस गेली तर त्यातून पै मिळत नाही. स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो आणि पुढे नूतनीकरण करायचे राहून जाते. पाच वर्षांचा विमा आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हा भाग जरूर तपासावा.

आणखी एक गोष्ट अनेक घरांत कुणाच्या लक्षात येत नाही. विम्यातले १५ लाखांचे वैयक्तिक अपघाती संरक्षण हे गाडीच्या मालकाला, तो स्वतः चालवीत असताना मिळते. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणारा मुलगा, असे असेल तर मुलगा त्यात येत नाही. अशा मुलाने स्वतःच्या नावाने वेगळा अपघात विमा घ्यावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला अवघे २० रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यू आल्यास वारसाला २ लाख मिळतात. एवढे तरी प्रत्येकाचे असावेच.

गाडी मोठी हवी का?

लांबच्या प्रवासाला मोठी, महागडी गाडीच लागते, हा समज जाहिरातींनी पसरवला आहे. शंभर-सव्वाशे सीसीची साधी गाडीही दूर जाते, फक्त सावकाश जाते. तिचे फायदेही आहेत. ती हलकी असल्याने चिखलात आडवी झाली तर दोघे मिळून सहज उभी करतात. तिची क्लच वायर, प्लग, ट्यूब कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळते आणि तिथला मेकॅनिक ती डोळे मिटून खोलतो. पेट्रोलही कमी पिते. दहा लिटरची टाकी आणि लिटरला पन्नास किलोमीटर धरले तर सपाटीवर पाचशेचा पल्ला होतो. ओझे आणि चढ असेल तिथे मात्र साडेतीनशे-चारशेच धरावा. मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पंपानंतर फार लांबचे अंतर पंपाविना काढावे लागते, असे जाणारे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. म्हणून पाच लिटरचा पत्र्याचा डबा बरोबर असावा. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत पेट्रोल कदापि भरू नये.

उंचावर हवा विरळ होते. लेह शहर साडेअकरा हजार फुटांवर आहे, आणि तिथे समुद्रकाठच्या मानाने प्राणवायू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी मिळतो. माणसाला धाप लागते, तशीच इंजिनालाही लागते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल तेवढेच येते, हवा कमी पडते, मग प्लग काळा होतो आणि गाडी गुदमरते. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत इंजेक्शनची पद्धत आहे. ती पेट्रोलचे प्रमाण आपोआप कमी करते. ताकद मात्र तिचीही घटते. तेव्हा चढावर गाडीला शिव्या देऊ नयेत, गिअर खाली घ्यावा.

महिनाभर आधीची कामे

निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी सर्व्हिसिंगला टाकणे ही सर्वांत मोठी चूक. नवा बसवलेला भाग चुकीचा बसला असेल तर ते पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये कळते. ते वांगणीत कळलेले बरे, परक्या मुलखात नव्हे. म्हणून काम महिनाभर आधी करावे, आणि ते होत असताना मेकॅनिकच्या शेजारी बसावे. चहा पाजावा, पाना हातात घ्यावा, विचारावे. वाटेत तो बरोबर येणार नाही, पण त्याने शिकवलेले येईल.

तपासायच्या गोष्टी अशा:

चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट. दाते टोकदार झाले असतील तर पूर्ण संच बदलावा. नुसती चेन नवी टाकली तर जुने दाते तिला लवकर खातात. चेनला साधारण दोन-तीन सेंटिमीटर ढील असावी आणि ती ओझे लादल्यावर पुन्हा पाहावी. वाटेत दर पाचशे किलोमीटरला पुसून तेल द्यावे. पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी.

टायर. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी दिसत असली तरी रबर जुने होऊन तडकले असेल तर बदलावा. हवा सकाळी, टायर थंड असताना पाहावी. मागे माणूस किंवा ओझे असेल तेव्हा मागच्या चाकात किती जास्त भरायची, ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते.

ब्रेक. मागचे-पुढचे लायनर किंवा पॅड अर्धे झिजले असतील तरी नवे टाकावेत. डिस्क ब्रेकचे तेल जुने असेल तर बदलावे. हँडलचा कोनसेट आणि दोन्ही चाकांच्या बेअरिंगा हलवून पाहाव्यात.

इंजिन ऑइल, एअर फिल्टर, प्लग. ऑइल पुस्तकात सांगितलेल्याच दर्जाचे टाकावे आणि पातळी रोज सकाळी पाहावी. त्याला दोन मिनिटे लागतात.

आता एक युक्ती. क्लचची आणि ॲक्सिलरेटरची नवी वायर विकत घेऊन ती पिशवीत ठेवू नये, जुन्या वायरीला लागूनच टेपने बांधून ठेवावी. जुनी तुटली की दोन्ही टोके जोडायची आणि निघायचे. पावसात, अंधारात गाडी खोलत बसण्याची पाळी येत नाही.

बरोबर न्यायचे सामान थोडकेच: गाडीबरोबर आलेले पाने, पक्कड, प्लग पाना, एक नवा प्लग, दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, हातपंप, फ्यूज, बल्ब, चेनचे जोडलॉक, थोडी तार आणि टेप. मागचे चाक काढून ट्यूब बदलणे घरासमोर एकदा तरी करून पाहावे. ज्याला हे जमत नाही त्याच्यासाठी पंप आणि पट्ट्या नुसते ओझेच.

ओझे कसे बांधावे

जड वस्तू खाली आणि सीटच्या जवळ, हलक्या वस्तू वर. दोन्ही बाजूंचे वजन सारखे. कॅरिअरच्या शेपटाकडे जड पिशवी बांधली तर पुढचे चाक हलके होते आणि हँडल लटपटते. सायलेन्सरला पिशवी टेकू देऊ नये. दोरीचे एकही टोक लोंबकळता कामा नये. चाकात किंवा चेनमध्ये गेले की गाडी जागच्या जागी अडकते. मागे बसणाऱ्या बाईच्या पदराचे आणि ओढणीचेही तेच.

महागड्या पिशव्यांची गरज नाही. जाड कॅनव्हासच्या दोन पिशव्या शिंप्याकडून शिवून घ्याव्यात आणि आत प्लॅस्टिकची गोणी घालून कपडे त्यात बांधावेत. वाचलेले पैसे हेल्मेटवर घालावेत. आयएसआय छापाचे, हनुवटी झाकणारे हेल्मेट दोघांनाही हवे, आणि पट्टा लावलेला हवा.

मूळ कागद आणि पैसे गाडीवर ठेवू नयेत, अंगावर ठेवावेत. मुंबईहून निघालेले योगेश आळेकरी हे २०२५ साली १७ देश ओलांडून मोटरसायकलने इंग्लंडला पोचले. नॉटिंगहॅम शहरात न्याहारीसाठी थांबले असता थोड्याच वेळात कुलूप तोडून त्यांची गाडी चोरांनी नेली, आणि तिच्यावरच्या सामानासह पासपोर्टही गेला. हजारो किलोमीटरच्या वाटेने जे केले नाही ते एका थांब्याने केले. त्यांच्या अनुभवातून आपण शिकावे. लायसन्स, आर.सी., विमा, पीयूसी यांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये असाव्यात आणि एक झेरॉक्स संच घरी आईपाशी असावा.

आधी तालीम, मग वाट

सगळे झाले की तालीम करावी. पूर्ण ओझे बांधून वांगणीहून बदलापूर, मुरबाड, माळशेज घाटाने जुन्नर गाठावे, लेण्याद्रीची बौद्ध लेणी पाहावीत आणि परत यावे. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या आसपास होते. सपाट रस्ता, घाट, वळणे सारे त्यात येते. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, इंजिन बंद करून उतरू नये. घरी आल्यावर कुठला नट ढिला झाला, कुठे तेल पाझरले, कुठली पिशवी घसरली आणि आपली कंबर किती धरली, हे लिहून काढावे.

मुलांनी समृद्धी महामार्गाचा विचार करू नये, तिथे दुचाकीला बंदी आहे. उत्तरेला जायचे तर कसाऱ्याचा घाट चढून जुना मुंबई-आग्रा रस्ता धरावा. पहिला मुक्काम धुळ्यास, अंतर तीनशेच्या थोडे वर. दुसऱ्या दिवशी अडीचशेच्या आसपास चालवले की वाटेवरच महू लागते. बाबासाहेबांच्या जन्मभूमीला वंदन करून तिथेच थांबावे. दिवसाला तीनशेहून अधिक चालवण्याचा हट्ट धरू नये, आणि अंधार पडण्यापूर्वी गाडी उभी करावी. ज्यांची रजा कमी आहे त्यांनी मोठ्या स्टेशनच्या पार्सल कचेरीतून गाडी उत्तरेला रेल्वेने पाठवावी. टाकी रिकामी करावी लागते आणि आर.सी.ची प्रत लागते. लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांतीचे. डोके दुखणे, उलटी, धाप वाढतच गेली तर लाज न बाळगता खाली उतरावे.

आईपाशी एक कागद असावा. त्यावर कुठल्या तारखेला कुठे मुक्काम, बरोबरच्या मित्रांच्या घरचे फोन, आपला रक्तगट. रोज संध्याकाळी एक फोन. वाटेत कुणाचा अपघात दिसला तर थांबावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कुठेही ११२ हे क्रमांक आहेत. जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने संरक्षण दिले आहे. वांगणीच्या मुलाने तरी रुळांवर पडलेल्याकडे पाठ फिरवू नये.

वाचकहो, एवढी तयारी करणाऱ्या मुलाला आईवडिलांनी आडकाठी करू नये. महिनाभर तो संध्याकाळी नाक्यावर न बसता गाडीपाशी बसला, हात काळे केले, हिशेब लिहिला, हीच त्याची मोठी कमाई. आणि मुलांनो, तुमचा प्रवास उंच खिंडीत काढलेल्या फोटोपाशी पुरा होत नाही. परत आल्यावर सोमवारी पहिल्या पाळीला तीच गाडी एका किकमध्ये सुरू होऊन तुम्हाला कामावर नेईल, तेव्हा तो पुरा झाला असे समजा.