पऱ्हाटीचा कोळसा आणि खारे पाणी

अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत, पूर्णा नदीच्या खोऱ्यात जो मुलूख आहे, त्याला लोक खारपाणपट्टा म्हणतात. तेथे विहिरीला पाणी लागते, पण ते पुष्कळ ठिकाणी तोंडात धरवत नाही. त्याच मुलखात कापूस निघाला की पऱ्हाट्या उरतात; काही चुलीत जातात, काही शेतातच जाळल्या जातात. या दोहोंची गाठ घालून देणारी एक विद्या आहे. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमचे आयुष्य कामगारांच्या सभांत गेले. वाचून, विचारून जेवढे उमगले तेवढे सांगतो.

मीठ पाण्यात विरघळले की त्याचे दोन प्रकारचे कण होतात : सोडियमचे धनभारित, क्लोराइडचे ऋणभारित. खाऱ्या पाण्यात कोळशाचे दोन पत्रे समोरासमोर ठेवून सुमारे १.२ व्होल्ट दाब दिला, म्हणजे विजेरीच्या सेलहूनही कमी, तर धनकण ऋण पत्र्याकडे आणि ऋणकण धन पत्र्याकडे ओढले जातात. मधले पाणी गोडे होत जाते. १९६० साली अमेरिकेत ब्लेअर आणि मर्फी यांनी सच्छिद्र कार्बनच्या पत्र्यांवर असे प्रयोग प्रसिद्ध केले होते.

सच्छिद्र कोळसाच का? मुंबईच्या चाळीत एवढ्याशा जागेवर खोलीला खोली लागून शेकडो बिऱ्हाडे राहतात, तसेच हे आहे. पऱ्हाटी, करवंटी किंवा उसाचे चिपाड हवा लागू न देता भाजायचे, मग ७००–८०० अंश उष्णतेत वाफ किंवा दाहक पोटॅश देऊन त्यात सूक्ष्म छिद्रे पाडायची. अशा एका ग्रॅम कोळशाचे आतले पृष्ठ हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे दहा गुंठे भरते! खोल्या भरल्या की वीज काढायची. मीठ बाहेर पडते, आणि पत्रे पुन्हा कामाला लागतात.

आता हिशेब पाहू. एक ग्रॅम कोळसा एका खेपेस साधारण १० मिलिग्रॅम मीठ धरतो. लिटरमागे दीड ग्रॅम मीठ काढायचे तर दीडशे ग्रॅम कोळसा हवा. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ. तेथे हा मार्ग परवडणारा नाही. तो विहिरीच्या मचूळ पाण्यासाठी आहे. शिवाय धन पत्रा हळूहळू झिजतो, आणि काडीकचऱ्याच्या कोळशाचे बहुतेक काम अजून प्रयोगशाळेतच चालले आहे.

उद्या यंत्र गावात आले, तर दोन प्रश्न आपण आधीच विचारले पाहिजेत. धुऊन निघालेले अतिखारे पाणी कोणाच्या शेतात सोडणार? आणि पऱ्हाटी गोळा करणाऱ्या बाईच्या पदरात काय पडणार? गावाने काडी फुकट द्यावी आणि आपलेच पाणी विकत घ्यावे, असा व्यवहार होता कामा नये.