‘रोड रॅश’चा पुढचा भाग हवा, पण कसा?

गेल्या शतकाची अखेर आणि या शतकाची पहिली काही वर्षे महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्यांच्या गावांत सायबर कॅफे व संगणक वर्गांची होती. तेथील संगणकांवर टायपिंग आणि ई-मेल यांच्या जोडीला एक गेम बहुधा हमखास सापडत असे. तो म्हणजे मोटारसायकलींच्या बेबंद शर्यतीचा ‘रोड रॅश’. शेजारून जाणाऱ्या स्पर्धकाला लाथ मारायची, त्याच्या हातातील दंडुका हिसकावून त्यालाच हाणायचा, समोरून येणाऱ्या मोटारी चुकवायच्या आणि पोलिसांच्या हाती न लागता वरचा क्रमांक पटकवायचा, एवढाच त्याचा मामला. गाडी धडकली की चालक हवेत उडून दूर पडे आणि मग उठून आपल्या गाडीकडे धावत जाई. ते धावणे पाहून मागे उभ्या असलेल्या मित्रांमध्ये हशा पिकत असे.

त्या पिढीतील मुले आता तिशी-चाळिशीत आहेत आणि या गेमचा नवा भाग यावा, ही त्यांची इच्छा अद्याप विझलेली नाही. मालिकेतील अखेरचा नवा भाग ‘जेलब्रेक’ २००० मध्ये आला. त्यानंतर अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने ही मालिका पुढे नेलेली नाही. उद्या ती पुन्हा सुरू झालीच, तर चाहत्यांना नेमके काय हवे असेल? या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. कारण पुढचा भाग काढताना गेमचे जुने मर्म हरवल्याची उदाहरणे या क्षेत्रात पुष्कळ आहेत.

आर्केड म्हणजे काय?

मोटारींच्या शर्यतीच्या गेमचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात प्रत्यक्ष मोटारीचे वजन, टायरची पकड, ब्रेक लावण्याचे अचूक अंतर यांचे गणित शक्य तितके हुबेहूब मांडलेले असते. त्यांना सिम्युलेशन म्हणतात. दुसरा प्रकार आर्केडचा. नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर तो जन्माला आला. पुढचे नाणे पडायचे तर खेळणाऱ्याला पहिल्याच मिनिटात मजा यायला हवी, हा त्या यंत्रांचा नियम होता. त्यामुळे आर्केड गेममध्ये वळणावर गाडी सहज घसरते आणि तितक्याच सहज सावरते. अपघात झाला तरी चार क्षणांत पुन्हा रस्त्यावर येता येते. अनेक गेममध्ये मागे पडलेल्या स्पर्धकांना संगणक हळूच वेग देतो, म्हणजे चुरस शेवटपर्यंत टिकून राहते.

हे सारे वास्तवाशी विसंगत असले तरी त्यात एक शिस्त असते. कळ दाबल्यावर गाडी किती वळेल, कोणत्या क्षणी घसरेल, हे खेळणाऱ्याच्या बोटांना ठाऊक होते. गाडी हातात बसते, असे म्हणतात ते हेच. चाहते पुढच्या भागाकडून सर्वप्रथम मागतात ती हीच गोष्ट. चित्रे बदला, रस्ते बदला, पण हातात बसलेली गाडी काढून घेऊ नका, असा त्यांचा आग्रह असतो.

‘रोड रॅश’चाच इतिहास पाहता येईल. पहिला भाग १९९१ मध्ये सेगाच्या घरगुती यंत्रासाठी निघाला. त्यातील रस्ते कॅलिफोर्नियातील होते. दुसऱ्या भागाने मूळ खेळाला धक्का लावला नाही. दंडुक्याच्या जोडीला साखळी आली, काही गाड्यांना नायट्रोचा जादा वेग मिळाला, अलास्का आणि हवाईचे रस्ते आले आणि मुख्य म्हणजे पडदा दोन भागांत विभागून दोघांना एकाच वेळी खेळण्याची सोय झाली. भर थोडीच पडली, पण ती नेमक्या जागी पडली. भारतात गाजलेली आवृत्ती १९९६ मध्ये विंडोज संगणकांसाठी आलेली. पुढे १९९८ मध्ये ‘रोड रॅश थ्रीडी’ निघाला. तांत्रिकदृष्ट्या तो पुढचा होता. मात्र त्यात शर्यतीला प्राधान्य मिळाले आणि हाणामारी मागे पडली. ज्या गोष्टीसाठी लोक या गेमकडे येत, तीच दुय्यम ठरली.

एकदा हरवलेले पुन्हा सापडले

असाच प्रकार जपानच्या सेगा कंपनीच्या ‘आउटरन’बाबत घडला. यू सुझुकी यांनी १९८६ मध्ये तयार केलेला हा गेम आर्केड रेसिंगच्या पायाभूत कृतींपैकी एक मानला जातो. त्यात स्पर्धकांना हरवण्यापेक्षा वेळेत पुढचा टप्पा गाठण्याला महत्त्व होते. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्त्याला दोन फाटे फुटत आणि डावीकडे जायचे की उजवीकडे, हे खेळणारा ठरवी. पाच टप्प्यांच्या एका प्रवासासाठी एकूण पंधरा टप्पे रचलेले होते आणि शेवटची ठिकाणे पाच होती. त्यामुळे एकदा खेळून झाले तरी ‘तिकडे काय असेल?’ हा प्रश्न उरे.

१९८९ मधील ‘टर्बो आउटरन’ने हे फाटेच काढून टाकले. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस असा एकच सरळ मार्ग ठेवला आणि वेगाला टर्बोची जोड दिली. वेग वाढला, पण निवड गेली. २००३ मध्ये ‘आउटरन २’ आला, तेव्हा निर्मात्यांनी फाटे, निळे आकाश, लाल फेरारी आणि वळणावरचे लांबलचक घसरणे हे सारे परत आणले. म्हणजे चाहत्यांच्या पसंतीचा उत्तरभाग देण्यासाठी कंपनीला सतरा वर्षे मागे जावे लागले.

नावाचाही एक प्रश्न असतो. २००५ चा ‘नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड’ हा महाराष्ट्रातील वसतिगृहांत आणि कॅफेंत भरपूर खेळला गेलेला गेम. पंधरा प्रतिस्पर्ध्यांची यादी, एकेकाला हरवत वर चढणे, गाडी मनाजोगती सजवणे आणि पोलिसांचा दीर्घ पाठलाग ही त्याची वैशिष्ट्ये होती. २०१२ मध्ये त्याच नावाचा नवा गेम आला. गेम म्हणून तो सुबक होता. पण त्यात पूर्वीची कथा नव्हती आणि गाडी सजवण्याची मुभाही तशी नव्हती. नाव वेगळे असते तर कदाचित तक्रार झालीही नसती. जुने नाव घेतले की जुने वचनही घ्यावे लागते.

कधी कधी तक्रार अगदी लहान गोष्टीची असते. अपघातांनाच खेळ बनवणाऱ्या ‘बर्नआउट’ मालिकेतील ‘पॅराडाइज’ हा भाग २००८ मध्ये आला. त्यात अख्खे शहर मोकळे करून दिले होते. पण सुरुवातीला हरलेली शर्यत जागच्या जागी पुन्हा सुरू करता येत नसे. गाडी घेऊन पुन्हा आरंभाच्या चौकापर्यंत जावे लागे. आर्केड गेमचा प्राण ‘हरलास? मग लगेच पुन्हा खेळ’ या आमंत्रणात असतो. खेळणारे त्यावर नाराज झाले आणि पुढे सुधारणा करून ती सोय द्यावी लागली.

तालुक्याच्या गावचा खेळाडू

परदेशी कंपन्यांच्या हिशेबात सहसा न येणाऱ्या खेळाडूच्या मागण्या याहून थोड्या निराळ्या आहेत. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सिल्लोडसारखे गाव डोळ्यांसमोर आणले तर त्या ध्यानात येतात. कापूस, मका आणि मिरचीच्या उलाढालीवर चालणाऱ्या अशा गावांत संगणक आला तो जुजबी क्षमतेचा. मराठवाड्याच्या ग्रामीण भागाने त्या काळात भारनियमनही भरपूर सोसले. वीज केव्हा जाईल याचा नेम नसेल, तर तासभर चालणारी मोहीम कोण हाती घेणार? चार-पाच मिनिटांत निकाल लागणारी शर्यत या परिस्थितीत चपखल बसली.

‘रोड रॅश’ पसरला त्याची कारणेही अशीच व्यावहारिक होती. त्याला महागडे ग्राफिक कार्ड लागत नसे आणि इंटरनेटही लागत नसे. संगीत व चित्रफिती वगळलेली त्याची आटोपशीर प्रत एका संगणकावरून दुसऱ्यावर जाई. ही प्रत अर्थातच अधिकृत नसे आणि त्यातून कंपनीला एक पैसाही मिळत नसे, हे मान्य करायला हवे. या गेमवर इतके प्रेम करणारा वर्ग निर्मात्यांच्या विक्रीच्या आकड्यांत कधी उमटलाच नाही, त्याचे एक कारण हेही आहे.

आजचा खेळाडू पैसे मोजायला तयार आहे. पण नव्या भागाने जुनी सुलभता राखावी, ही त्याची अपेक्षा रास्त म्हणावी लागेल. साधारण क्षमतेच्या लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर गेम चालावा, जोडणी तुटली तरी शर्यत थांबू नये आणि दोन मित्रांना एकाच पडद्यावर खेळता यावे, इतकेच त्याचे मागणे. यातील शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची. कॅफेतील गर्दी गेमभोवती जमे, आणि मागे उभा राहून सल्ले देणारा मित्र हाही त्या खेळाचा भाग असे.

कंपनी पुढे येत नाही म्हटल्यावर चाहत्यांनी पदरमोड करून उत्तरभाग घडवल्याचे उदाहरणही याच गेमचे आहे. २०१३ मध्ये ‘रोड रिडेम्प्शन’ या गेमसाठी किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकवर्गणी मागण्यात आली. दीड लाखाहून अधिक डॉलर जमले आणि २०१७ मध्ये गेम पूर्ण झाला. त्यात धावत्या गाडीवरची हाणामारी परतली आणि एका पडद्यावर चौघांना खेळण्याची सोयही झाली. मात्र निर्मात्यांनी बंदुका आणल्या, आणि मोहिमेत मेल्यावर पुन्हा आरंभापासून सुरुवात करण्याचा नवा नियम घातला. ज्यांना केवळ जुनी साधी शर्यत हवी होती त्यांच्यासाठी हा बदल मोठा होता. चाहत्यांच्या पैशातून घडलेला गेमही चाहत्यांच्या आठवणीशी तंतोतंत जुळेलच असे नाही, हा त्यातला धडा.

रस्ता कुठला?

आणखी एक मागणी ठिकाणाची. ‘फोर्झा होरायझन’ या लोकप्रिय मालिकेचे भाग कोलोरॅडो, दक्षिण युरोप, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि मेक्सिको येथे घडले. चाहते वर्षानुवर्षे जपानची मागणी करीत होते आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या सहाव्या भागासाठी अखेर जपानचीच निवड झाली. या यादीत भारत नाही. भारतीय रस्त्यांची हौस मात्र येथे नक्कीच आहे. ‘इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग थ्रीडी’सारख्या मोबाइल गेमला देशभर मिळालेला प्रतिसाद त्याची साक्ष देतो. त्यातील चित्रे डोळे दिपवणारी नाहीत. पण घराबाहेर उभी असते तशी गाडी त्यात चालवायला मिळते.

चांगल्या आर्केड मार्गाला लागते ते सारे सिल्लोडच्या रस्त्यावरही आहे. छत्रपती संभाजीनगरहून निघालेला रस्ता फुलंब्री ओलांडून सुमारे पासष्ट किलोमीटरवर सिल्लोडला येतो. पुढे गोळेगावमार्गे अजिंठा गावापर्यंत पठारावरची शेते दोन्ही बाजूंना असतात. मग एकाएकी घाट लागतो, वळणांमागून वळणे घेत रस्ता फर्दापूरकडे उतरतो आणि समोर खानदेशचा सपाट मुलूख पसरतो. आधी वेगाला मोकळीक, मग वळणांची परीक्षा आणि शेवटी डोळ्यांना विसावा, हाच क्रम ‘आउटरन’च्या टप्प्यांतही होता. ‘रोड रॅश’मधील सिएरा नेव्हाडाचे डोंगर ज्यांनी बोटांनी पाठ केले, त्यांना अजिंठ्याचा घाट परका वाटणार नाही. प्रत्यक्ष रस्त्यावर तसला वेग अर्थातच जिवावर बेतणारा आहे. पडून पुन्हा उठण्याची सवलत फक्त पडद्यावर मिळते.

जुने पुसू नका

अलीकडच्या काळात या सर्व मागण्यांत एका गंभीर मागणीची भर पडली आहे. नवा भाग येताना जुना नाहीसा होऊ नये. मोटारींची खरी नावे आणि गाणी वापरण्याचे परवाने ठरावीक मुदतीचे असतात. ती संपली की गेमची विक्री थांबते. ‘फोर्झा होरायझन ४’ची विक्री डिसेंबर २०२४ मध्ये याच कारणाने थांबली, ज्यांनी आधी घेतला त्यांना तो खेळता येतो, नव्याला घेता येत नाही.

युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’चे प्रकरण त्याहून पुढचे. या कंपनीने २००८ मध्ये पुण्यात आणि २०१८ मध्ये मुंबईत स्टुडिओ सुरू केल्याने तिचे नाव मराठी तरुणांनाही परिचित आहे. २०१४ मध्ये आलेला हा गेम सर्व्हरशी जोडल्याखेरीज चालतच नसे. मार्च २०२४ अखेर कंपनीने सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम खेळाडूंच्या हातात निरुपयोगी झाला. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली. युरोपीय संघातील तिच्या याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. दरम्यान, मालिकेच्या पुढच्या भागांना इंटरनेटविना खेळण्याची सोय देण्याचे कंपनीने जाहीर केले आणि ‘द क्रू २’मध्ये ती २०२५ मध्ये आलीही.

तालुक्याच्या गावातील कॅफेत एका संगणकावरून दुसऱ्यावर गेलेला ‘रोड रॅश’ कोणाच्याही सर्व्हरवर अवलंबून नव्हता. म्हणूनच कंपनीने मालिका थांबवल्यावरही तो वर्षानुवर्षे खेळला गेला आणि त्याची आठवण टिकली. पुढचा भाग काढणाऱ्याने हे ध्यानात ठेवले तर बरे. चाहत्यांना हवी आहे ती हातात बसणारी गाडी, हरल्यावर लगेच मिळणारी दुसरी संधी, शेजारी बसलेला मित्र, जमल्यास ओळखीचा रस्ता आणि वीस वर्षांनंतरही सुरू होईल असा गेम. यातील एकाही गोष्टीसाठी अधिक महागडा संगणक लागत नाही.