स्विफ्टचे पाठभेद

एकाच पोथीच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या की पाठभेद दिसू लागतात. कुठे शब्द बदललेला असतो, कुठे एखादी ओवी गळालेली असते. ही प्रत कुठे आणि कोणासाठी नकलली गेली, याचा अंदाज अभ्यासक त्यावरून बांधतो. कारखान्यात लाखोंनी तयार होणाऱ्या वस्तूंनाही असे पाठभेद असतात. गेली काही वर्षे मी सुझुकी स्विफ्ट या छोट्या मोटारीची जपानी, युरोपीय आणि भारतीय माहितीपत्रके अशीच शेजारी ठेवून वाचतो आहे. आपल्या गल्लीत उभी असलेली स्विफ्ट आणि जपानमधल्या गल्लीतली स्विफ्ट दिसायला जुळ्या बहिणी. आकडे पाहिले की मात्र त्या वेगवेगळ्या घरांत वाढल्या आहेत हे कळते.

पहिला घोळ नावाचाच. १९८३ साली जपानमध्ये ‘कल्टस’ या नावाने आलेली गाडी परदेशात अनेक ठिकाणी ‘स्विफ्ट’ म्हणून विकली गेली. पुढे २००० साली सुझुकीने मायदेशात ‘स्विफ्ट’ नावाची गाडी आणली, तर युरोपात तीच ‘इग्निस’ झाली. नोव्हेंबर २००४मध्ये जपानमध्ये आलेल्या नव्या गाडीपासून हा गोंधळ मिटला. जगभर विकण्यासाठी एक आराखडा आणि एक नाव ठरले. मे २००५मध्ये ती भारतात आली. नाव एक झाले, गाडी मात्र पूर्णपणे एक झाली नाही.

इंजिनापासून सुरुवात करू. २००७पासून जपानी स्विफ्टमध्ये १२४२ सीसीचे पेट्रोल इंजिन बसू लागले. २०१०मध्ये भारतीय स्विफ्टला त्याच कुळातले इंजिन मिळाले, पण ते ११९७ सीसीचे. दोन्हींत चार सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर. फरक आहे तो दट्ट्याच्या धावेत. जपानी इंजिनात दट्ट्या ७४.२ मिलिमीटर वर-खाली होतो, आपल्याकडे ७१.५. म्हणजे २.७ मिलिमीटर धाव कमी केली की ४५ सीसी कमी होतात.

एवढ्याशा काटछाटीचे कारण यंत्रशास्त्रात शोधून सापडत नाही, ते सापडते २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात. त्या वर्षी छोट्या मोटारींवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले आणि ‘छोटी मोटार’ म्हणजे काय याची व्याख्याही आली : लांबी ४ मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंत. स्विफ्ट लांबीत बसत होती. तिचे तेव्हाचे १२९८ सीसीचे पेट्रोल इंजिन मात्र बसत नव्हते. २००७मध्ये आलेले १२४८ सीसीचे डिझेल इंजिन आरामात बसले. ११९७ सीसीच्या इंजिनाने पेट्रोल गाडीही रेषेच्या आत आली. जपानमध्ये अशी रेषाच नाही. तिथला वार्षिक मोटार कर इंजिनाच्या आकाराच्या टप्प्यांवर ठरतो आणि १००० ते १५०० सीसी हा एकच टप्पा आहे. त्यामुळे १२४२ असो वा ११९७, तिथल्या मालकाला कर सारखाच.

मग जपानी गाडीला बंधनच नाही का? आहे, पण ते रुंदीचे. जपानमध्ये मोटारींच्या पाटीवरचा वर्ग आकारावरून ठरतो. १.७ मीटरपर्यंत रुंदीची गाडी ‘पाच क्रमांकाची’, त्याहून रुंद झाली की ‘तीन क्रमांकाची’. १९८९पूर्वी या दोन वर्गांच्या करात मोठी तफावत होती. ती गेली, पण अरुंद रस्ते, चिंचोळ्या वाहनतळांचे कोपरे आणि ग्राहकांची सवय राहिली. २०१७च्या जपानी स्विफ्टची रुंदी १६९५ मिलिमीटर आहे, म्हणजे रेषेच्या पाच मिलिमीटर आत. तीच पिढी युरोपात आणि भारतात १७३५ मिलिमीटर रुंद. जपानमध्ये एवढी रुंदी फक्त ‘स्पोर्ट’ या जोरकस आवृत्तीला मिळाली.

काही पाठभेद रस्त्यांनी आणि हवामानाने घडवले. आपल्या स्विफ्टच्या पोटाखाली १६३ मिलिमीटर जागा, तर साध्या जपानी स्विफ्टच्या पोटाखाली १२०. ही जास्तीची दीड-दोन बोटे आपल्या गतिरोधकांची देणगी आहे, हे कोणालाही सांगावे लागणार नाही. उलट जपानमध्ये चारही चाकांना ताकद देणारी स्विफ्ट मिळते, कारण होक्काइदोसारख्या भागात महिनोन्महिने बर्फ असतो. आपल्याकडे ती मिळत नाही, आपल्याकडे सीएनजीची मिळते.

इथवरचे भेद समजण्यासारखे आहेत. ज्या घरात राहायचे त्या घराच्या उंबऱ्याप्रमाणे माणूसही वाकतो. पण एक पाठभेद असा आहे की तो वाचताना पान उलटवत नाही.

२०१०मध्ये युरोपातल्या ‘युरो एनकॅप’ या चाचणी संस्थेने नव्या पिढीची स्विफ्ट आदळून पाहिली आणि तिला पाच तारे दिले. त्या गाडीत समोरच्या, बाजूच्या आणि खिडकीवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या हवेच्या पिशव्या होत्या. त्याच पिढीची भारतीय स्विफ्ट ‘ग्लोबल एनकॅप’ने २०१४मध्ये ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवली. ही स्वस्तातली, एअरबॅग नसलेली आवृत्ती होती. मोठ्यांच्या संरक्षणासाठी तिला शून्य तारे मिळाले. दोन्ही संस्थांच्या गुणपद्धती वेगळ्या आहेत, म्हणून पाच आणि शून्य यांची थेट वजाबाकी करता येणार नाही. पण गळालेली ओवी कोणती, हे दिसतेच.

ती का गळाली? भारतात तेव्हा एअरबॅग लावणे कायद्याने बंधनकारक नव्हते, म्हणून. महागड्या आवृत्त्यांत ती होती, म्हणजे तंत्र हाताशी होते. ४५ सीसी कमी करण्यासाठी इंजिनाचे आतडे बदलले गेले, कारण त्या रेषेला दाम होता. चालकाच्या छातीसमोरच्या पिशवीला तेव्हा कायद्याच्या लेखी दाम नव्हता. दोष केवळ कंपनीला देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. कायद्याने जे मागितले ते मिलिमीटरच्या हिशोबाने मिळाले, आणि जे मागितले नाही ते मिळाले नाही.

पुढचा इतिहास हेच सांगतो. नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७पासून आदळचाचणीचे नियम लागू झाले, जुलै २०१९पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, मग शेजारच्याचीही. २०१८च्या भारतीय स्विफ्टमध्ये दोन एअरबॅग सर्व आवृत्त्यांत आल्या आणि तिला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत दोन तारे मिळाले. मे २०२४मध्ये आलेल्या स्विफ्टच्या सर्वांत स्वस्त आवृत्तीतही सहा एअरबॅग आहेत.

याच नव्या पिढीत आणखी एक पाठभेद मिटला, तोही उलट दिशेने. डिसेंबर २०२३मध्ये जपानमध्ये आलेल्या स्विफ्टचे तीन सिलिंडरचे नवे इंजिन ११९७ सीसीचे आहे आणि भारतातही तेच आहे. आपल्या अर्थसंकल्पातली १२०० सीसीची रेषा आता जपानी गाडीही पाळते. ही रेषा आजही तितकीच जागी आहे. सप्टेंबर २०२५पासून तिच्या आतल्या पेट्रोल मोटारीला १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे, बाहेरच्या मोटारीला ४० टक्के.

भारतातल्या कराची एक ओळ जपानी इंजिनाच्या मापाशी जुळते, एवढे आपल्या बाजारपेठेचे वजन आहे. म्हणूनच नव्या मोटारीची जाहिरात वाचताना मी हल्ली आधी त्या वर्षीचे नियम वाचतो. गाडीत काय असेल हे तिथे आधीच लिहिलेले असते. काय नसेल, तेही.